फाट्यावरचा पहिला सल्ला

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूर, डोंगरकडा ही केळीच्या बागांची गावं मागे पडतात आणि वारंगा फाटा येतो. कळमनुरी तालुक्यातलं हे ठिकाण. इथे रस्ता दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जाते. दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळकडे आणि पुढे नागपूरकडे वळते. आणि आपण आलो ती वाट मागे नांदेडला जाते. दोन राष्ट्रीय महामार्गांची गाठ पडल्यामुळे या फाट्याला रात्री-अपरात्रीही जाग असते. चहाची हॉटेलं, पानटपऱ्या, पंक्चरची दुकानं, खासगी गाड्यांचे चालक, एसटीची वाट बघणारी माणसं, असा सगळा राबता.

या गर्दीत रोज कुणीतरी आजारी माणूस असतोच. आसपासच्या वाडी-तांड्यावरून निघालेला, डोक्याला रुमाल बांधून, नातेवाइकाच्या खांद्यावर मान टाकून बसलेला. त्याला कुठे न्यायचं हे घरून निघताना पुष्कळदा ठरलेलंच नसतं. ते ठरतं फाट्यावर. सोबतचा माणूस चहावाल्याला विचारतो, चहावाला गाडीवाल्याकडे बघतो, गाडीवाला म्हणतो, "बाळापूरला कशाला थांबता? सरळ नांदेड गाठा." शेजारी बसलेली आजी म्हणते, "आमच्या भाच्याला अमक्या गावच्या बाबाचा गुण आला होता." मेडिकलवाला म्हणतो, "सध्या ही गोळी द्या, सकाळी बघा." पाच मिनिटांत चार सल्ले मिळतात. पैसा कुणीच घेत नाही, आणि सगळे मनापासून देतात.

आजारी माणूस खात्रीची माहिती कुठे शोधतो, असा प्रश्न शहरातल्या परिसंवादात विचारला जातो. त्याचं आमच्या भागातलं उत्तर हे असं आहे. तो जवळच्या माणसाकडे शोधतो. हे चूक की बरोबर, हा निवाडा मी लगेच करणार नाही. आधी तो असं का करतो, ते समजून घेऊ.

दवाखान्यात तासभर रांगेत बसल्यावर डॉक्टरांपुढे आपल्याला किती वेळ मिळतो? २०१७ साली 'बीएमजे ओपन' या वैद्यकीय नियतकालिकात ६७ देशांची पाहणी आली होती. स्वीडनमध्ये एका रुग्णाला सरासरी साडेबावीस मिनिटं मिळतात आणि बांगलादेशात ४८ सेकंद, असं त्यात होतं. आपल्या देशाचा आकडा साधारण दोन मिनिटांचा. दोन मिनिटांत नाव, गाव, दुखणं, तपासणी आणि चिठ्ठी! डॉक्टर वाईट असतो म्हणून हे होत नाही. बाहेर पन्नास माणसं ताटकळत असतात म्हणून होतं. पण रुग्णाच्या मनातला प्रश्न मनातच राहतो. मला झालंय काय? हे बरं होणार का? भाकरी खाऊ की भात? तो प्रश्न घेऊन तो बाहेर पडतो आणि ज्याला वेळ आहे त्याला विचारतो. फाट्यावरच्या माणसाला वेळ असतो. तो ऐकून घेतो. आणि जो आपलं ऐकून घेतो त्याचं आपण ऐकतो, हा माणसाचा स्वभाव आहे.

हा स्वभाव जिवावर कधी बेततो, त्याचं आमच्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे सर्पदंश.

हिंगोली जिल्हा हळदीचा. पावसाळ्यात हळदीत, सोयाबीनमध्ये, कापसात निंदण-खुरपणाला वाकलेली बाई, रात्री पाणी द्यायला गेलेला गडी, जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेलं लेकरू, यांना साप चावतो. आमच्याकडे 'साप चावला' असं सरळ म्हणतही नाहीत. 'पान लागलं' म्हणतात. नाव घेतलं तर विष चढेल ही भीती. औंढा नागनाथाच्या या मुलखात नागाबद्दल भक्तीही आहे आणि धाकही. त्यामुळे पान लागलं की पहिला निरोप मांत्रिकाकडे जातो, किंवा माणसाला मारुतीच्या पारावर आणून निजवतात, लिंबाचा पाला चारतात आणि कडू लागतो का ते विचारतात.

आता खरी मेख इथे आहे. मांत्रिकाकडे नेलेली बरीच माणसं बरी होतात. हे मी ऐकीव सांगत नाही, तुम्हीही पाहिलं असेल. कारण साधं आहे. आपल्याकडे आढळणाऱ्या सापांपैकी बहुतेक बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर, कवड्या यांच्या चाव्याने माणूस मरत नाही. शिवाय विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे दहा जणांना चावा झाला आणि त्यातले बरेचसे मुळात धोक्यात नव्हतेच, तर मंत्र म्हटला काय, न म्हटला काय, ते घरी परतणारच. पण गावात बोलबाला होतो तो मांत्रिकाचा. जो दगावतो त्याच्याबद्दल म्हणतात, "त्याची वेळच भरली होती." यशाचा धनी मांत्रिक आणि अपयशाचं खापर नशिबावर! असा हिशोब ठेवला तर कुठलाही उपाय रामबाण ठरेल.

काविळीचंही असंच. हाताला आधी झाडाच्या सालीचा रस लावायचा आणि मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे. पाणी पिवळं होतं आणि 'कावीळ उतरली' म्हणून लोक समाधानाने घरी जातात. पिवळेपणा असतो रस आणि चुना यांच्या संयोगाचा. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची विश्रांतीने काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून उपायाला नाव मिळतं. पण कावीळ जर पित्तनलिकेत अडकलेल्या खड्याची असेल, गाठीची असेल किंवा गरोदर बाईला झालेली असेल, तर हेच काही आठवडे जीव घेतात.

सर्पदंशाचा खरा हिशोबही आपल्याकडे आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज मांडला. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यात आणि पावसाळ्यात झालेले. माणसं मारणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चौघांच्या विषावर एकच उतारा आहे, आणि तो मंत्रात नाही. तो सर्पविषप्रतिबंधक लशीत आहे. मुंबईत परळला १८९९ साली ज्या प्रयोगशाळेची सुरुवात झाली, त्या हाफकिन संस्थेचं नाव या लशीशी जोडलेलं आहे. घोड्याच्या रक्तातून ही लस तयार होते आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत मिळते.

या चौघांतला मण्यार विशेष घातकी. रात्री घरात येतो, झोपलेल्याला चावतो, पण दुखत नाही, सूज येत नाही, दातांची खूणही धड दिसत नाही. पहाटे माणूस पोटात दुखतंय म्हणून उठतो, डोळ्यांच्या पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. घरच्यांना वाटतं, रात्रीचं जेवण बाधलं किंवा 'बाहेरचं' काही झालं. अशा वेळी फाट्यावर कुणी "सोडा पाजा" म्हणून सांगितलं आणि आपण ऐकलं, तर गेलेला तास परत येत नाही. घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. ते ओळखायला फार मोठं यंत्र लागत नाही. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर डॉक्टर समजतात की विष भिनलं आहे. म्हणजे ग्रामीण रुग्णालयातही हे निदान होऊ शकतं. पण त्यासाठी माणूस आधी तिथे पोचायला हवा.

तेव्हा श्रोतेहो, एवढं घरात सांगून ठेवा. पान लागलं तर धावायचं नाही. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा. बांगड्या, अंगठ्या, जोडवी, करदोडा काढायचा, कारण सूज आली की ते रुततात. दोरीने करकचून आवळायचं नाही, ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने चोखायचं नाही. हळद, चुना, कोंबडी काही लावायचं नाही. हो, हळदसुद्धा नाही. १०८ ला फोन लावायचा किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या सरकारी रुग्णालयात जायचं. साप मारून सोबत नेण्यात वेळ दवडायचा नाही. आणि पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपायचं.

हे सांगताना मला मराठवाड्याच्याच एका माणसाची आठवण होते. डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. १९७६ साली ते रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने तिथे मुलं आणि धडधाकट माणसं दगावत होती. बावस्कर रात्र-रात्र रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. त्यातून रक्तदाबावरच्या प्राझोसिन या स्वस्त गोळीचा उपाय पुढे आला आणि विंचूदंशाचे मृत्यू खूप खाली आले. लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं लिखाण छापून आलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. गोळी सापडली म्हणून लोक आपोआप मांत्रिकाला सोडून आले नाहीत. उशाशी बसलेला डॉक्टर त्यांनी पाहिला. त्याच्या हातून गेलेली माणसं पाहिली, वाचलेलीही पाहिली. विश्वास तिथून सुरू झाला.

कायद्यानेही या बाबतीत पाऊल उचललं आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी झटले, तो त्यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर आधी वटहुकूम म्हणून आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर होऊन आला. साप, विंचू किंवा कुत्रा चावला असता माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं आणि मंत्रतंत्र, गंडेदोरे यांनी उपचार करणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पण मी शिक्षक होतो, मला कायद्याची मर्यादा कळते. परीक्षेत कॉपी करू नये हाही नियम आहे! ज्याला विषय समजला त्याला नियमाची गरज पडत नाही.

फाट्यावर जे विचारताच येत नाही, अशा दुखण्यांचं काय होतं, तेही पाहू. बाईची अंगावरून जाण्याची तक्रार, पुरुषाचा कमकुवतपणाचा न्यूनगंड, गुप्तरोग, मूल न होणं, मनाचा आजार. याचा सल्ला चहाच्या हॉटेलात मिळत नाही. मग माणूस एसटी स्टँडच्या भिंतीवरची जाहिरात वाचतो. 'निराश होऊ नका, एकदा भेटा.' खाली लॉजचं नाव आणि खोलीचा नंबर.

आपल्या मराठीत याचं उत्तर शोधणारा एक माणूस जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला. र. धों. कर्वे. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचा सल्ला देणारं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक जवळजवळ एकट्याने चालवलं. वाचक पत्रं पाठवून आपल्या शरीराबद्दलच्या शंका विचारत आणि कर्वे मासिकातून त्यांची सरळ, शास्त्राला धरून उत्तरं देत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबलं नाही. लोक कर्व्यांनाच का विचारत असतील? ते विचारणाऱ्याला हसत नव्हते, त्याला पापी म्हणत नव्हते आणि माहिती लपवत नव्हते. खात्रीच्या माहितीची याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही. मनाच्या दुखण्यासाठी आज १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे. २०२२ पासून तो चालू आहे, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. भिंतीवरच्या जाहिरातीपेक्षा तो लिहून ठेवलेला बरा.

जाहिरातींचं तर विचारू नका. १९५४ साली आपल्याकडे एक कायदा झाला. मधुमेह, कर्करोग, वंध्यत्व यांसारख्या कितीतरी रोगांवर 'हमखास बरं करतो' अशी जाहिरात करायलाच त्याने मनाई केली. कायदा सत्तर वर्षांचा झाला आणि जाहिरात भिंतीवरून उतरून मोबाइलमध्ये जाऊन बसली. आता ती नातेवाइकाच्या नावाने येते. मामा पाठवतात, मेहुणे पाठवतात, त्यामुळे ती जाहिरात वाटतच नाही. 'रोज अनशापोटी हळद घ्या, साखर कायमची जाईल.' आमच्या हिंगोली-वसमतच्या हळदीचं कौतुक कुणाला नको आहे? वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. भाजीत हळद हवीच. पण ती वाचून कुणी इन्सुलिन बंद केलं, तर हळदीचं नाव खराब होतं आणि माणूस हातचा जातो.

आणि फसवी माहिती मोबाइलवरच असते असंही नाही. अंगात कणकण आली की आमच्याकडे माणूस स्वतःच म्हणतो, "डॉक्टरसाहेब, एक सलाईन लावा, ताकद येईल." अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये काय असतं? पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. ग्लुकोजची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे. ज्याला उलट्या थांबत नाहीत, जो पाणीसुद्धा पोटात ठेवू शकत नाही, त्याच्यासाठी ही बाटली अमृत आहे. जो चालत येतो, चहा पितो, त्याला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी पुरतं. पण बाटलीतलं पाणी नुसतं पाणी आहे हे रुग्णाला कुणी सांगत नाही. कुणी सांगायला गेलं तर रुग्ण दुसरा दवाखाना धरतो. म्हणजे अज्ञान एका बाजूचं नाही. ते दोघांनी मिळून सांभाळलेलं आहे.

मग विश्वासाचं माणूस तयार होतं तरी कसं? याची दोन उदाहरणं आपल्या महाराष्ट्रातच आहेत आणि जगाने ती पाहिली आहेत.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दाम्पत्य नगर जिल्ह्यातल्या जामखेडला आलं. त्यांनी गावागावांतून बाया निवडल्या. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित वस्तीतल्या होत्या, टाकलेल्या होत्या. त्यांना बाळंतपण, जुलाब, कुपोषण, कुष्ठरोग यांचं ज्ञान दिलं. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्या शब्दावर गाव आपलं लेकरू दाखवायला लागलं. कारण त्या बाया गावातल्याच होत्या आणि दुसऱ्या दिवशीही गावातच असणार होत्या.

दुसरं उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' ही संस्था काढली. दवाखाना कसा हवा, असं त्यांनी आदिवासींना विचारलं. लोकांना मोठ्या पांढऱ्या इमारतीची भीती वाटत होती. मग झोपड्यांसारखा, आदिवासी घरांच्या धर्तीचा दवाखाना झाला आणि त्याला नाव मिळालं माँ दंतेश्वरीचं. पुढे ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायांना त्यांनी नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. न्यूमोनिया ओळखणं, बाळाला ऊब देणं, जंतुसंसर्गावर औषध देणं. नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट'ने ते जगापुढे मांडलं.

देशभर गावोगावी 'आशा' आली, ती २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून. साधारण हजार लोकसंख्येमागे एक. आपल्याच गावची सून, आपल्याच गल्लीतली. २०२० च्या करोनात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत हीच बाई दारोदार हिंडली. लस घेतली की माणूस मरतो, असं मोबाइल सांगत होता. आशाताई ओट्यावर बसून म्हणत होती, "काकू, मी घेतलीय. बघा, मी जिवंत आहे ना?" त्या एका वाक्याने जेवढ्या शंका मिटल्या, तेवढ्या पोस्टरांनी मिटल्या नसतील. आणि या बाईला आपण अजून पगार देत नाही, मोबदला देतो. ज्याच्या शब्दावर गावाचं आरोग्य उभं आहे, त्याच्या पोटाची एवढी तरी खात्री असायला नको का?

आता माझी एक चूक सांगतो. दुसऱ्यांना शहाणपण सांगितलं, तेव्हा स्वतःचा हिशोब द्यायला हवा.

मी नोकरीत असतानाची गोष्ट. माझे एक सहकारी, वय पन्नाशीच्या आत. एके दुपारी मला म्हणाले, "सर, जबडा दुखतोय, डावा दंड भरून आलाय, जीव घाबरा होतोय." मी शाळेत विज्ञान शिकवायचो. पचनसंस्था फळ्यावर काढून दाखवायचो. मी छातीठोकपणे म्हणालो, "काही नाही, पित्त आहे. काल भजी खाल्लीत ना?" त्यांना पित्ताची गोळी दिली, सोडा पाजला, वर्गावर पाठवलं. त्यांना तात्पुरतं बरंही वाटलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना घेऊन घरच्यांनी नांदेड गाठलं. तिथे डॉक्टरांनी सांगितलं, हृदयविकाराचा झटका कालच येऊन गेलेला आहे. ते वाचले, पण हृदयाचा एक भाग कायमचा निकामी झाला. पुढे जिना चढताना ते मध्ये थांबायचे, तेव्हा मी खाली बघायचो. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. उलट म्हणायचे, "सर, तुम्ही चांगल्यासाठीच सांगितलं." तेच तर दुखतं. फाट्यावरचे सगळेच चांगल्यासाठी सांगतात.

त्या दिवशी मला एकच वाक्य बोलायला हवं होतं. "मला माहीत नाही, आपण आत्ता जाऊन ईसीजी काढू." काही मिनिटांचं काम होतं. पण 'मला माहीत नाही' म्हणायला मास्तराची जीभ रेटली नाही. तेव्हापासून मी एक कसोटी ठेवली आहे. जो सल्ला देणारा कधीच 'माहीत नाही' म्हणत नाही, त्याच्यापासून सावध राहायचं. मग तो मांत्रिक असो, मास्तर असो, मोबाइल असो की अंगावर पांढरा कोट असो.

आपल्याकडे म्हण आहे, 'ऐकावे जनाचे, करावे मनाचे.' शेतीवाडीत, लग्नकार्यात ती खपते. दुखण्यात मात्र जनाचं ऐकून मनाचं करू नये. ज्याने तपासलं, त्याला विचारून करावं. आणि विचारायला लाजू नये. डॉक्टरांपुढची आपली दोन मिनिटं वाया जाऊ नयेत म्हणून घरूनच चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. मला नेमकं काय झालंय? हे औषध कशासाठी आणि किती दिवस? ही तपासणी केली नाही तर काय होईल? आणि काय दिसलं तर लगेच परत यायचं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण आपला रुग्ण घरी बिघडतो, डॉक्टरांसमोर नाही. जुने कागद एका पिशवीत ठेवावेत. आपल्या उपचाराच्या नोंदी मागितल्या तर ७२ तासांत मिळाव्यात, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. महाराष्ट्रात २०२१ पासून खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. ती भिंतीवर आहे का, एवढं तरी बघत जा. मागणारा असला की देणाऱ्यालाही सवय लागते.

आज आपल्या भागात सोयी पूर्वीपेक्षा वाढल्या आहेत. आखाडा बाळापूरला ग्रामीण रुग्णालय आहे, नांदेडला विष्णुपुरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२४ मध्ये हिंगोलीलाही वैद्यकीय महाविद्यालय आलं. इमारती आल्या, रस्ते चौपदरी झाले. पण फाट्यावर उभ्या असलेल्या माणसाला डावीकडे जायचं की उजवीकडे, हे सांगणारा मात्र अजूनही तोच चहावाला आहे, तोच गाडीवाला आहे.

मग त्यालाच शिकवलं तर? हा माझा साधा विचार आहे. शाळेत आपण मुलांना नकाशा शिकवतो. फाट्यावरच्या दहा हॉटेलवाल्यांना, गाडीवाल्यांना, मेडिकलवाल्यांना वर्षातून दोन दिवस बसवून सांगितलं की छातीत दुखलं तर हे, पान लागलं तर ते, बाळंतिणीला झटके आले तर ते. लस कुठे मिळते, १०८ ला काय सांगायचं, आणि कशात आपण बोलायचंच नाही. आरोग्य केंद्राने हे केलं, ग्रामपंचायतीने केलं, शाळेने केलं, कुणीही केलं तरी चालेल. लोक फाट्यावर विचारायचं सोडणार नाहीत. तेव्हा फाट्यालाच बरोबर उत्तर माहीत असावं.

पुढच्या वेळी तुम्ही वारंग्याला एसटीची वाट बघत चहा घ्याल आणि शेजारी कुणी कण्हत बसलेला दिसेल. तो तुम्हाला विचारील, "भाऊ, कुठं न्यावं?" तेव्हा पित्त आहे म्हणू नका. १०८ लावा, आणि गाडी येईपर्यंत त्याच्याजवळ बसा.